कुणग्यांची नावं सांगणाऱ्या काकींना

काकी, सादर नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्यालच. मालवणीत लिहायचं सोडून शाळेतल्या मराठीत लिहितोय, हसू नका.

गावातल्या जागांच्या नावांची वही पुरी होत आली. वाड्यांची नावं कुणीही सांगतं. कुणग्यांची म्हणजे भातशेताच्या तुकड्यांची, व्हाळांची म्हणजे ओढ्यांची, सड्यावरच्या म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाटांची नावं सांगणारं माणूस मात्र मिळत नव्हतं. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो खरा, पण आमच्या उताऱ्यांवर तो बहुतेक कोराच. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, की झालं. तुम्ही बांधावरून पुढे चालत कोयत्याच्या टोकाने दाखवत गेलात: हा लांबो कुणगो, ही म्हशीची कोंड, तो वायंगणाचो मळो. त्या मळ्यात आमचे पाय घोट्यापर्यंत रुतले. पावसाळी भात कापल्यावरही तिथे झऱ्याचं पाणी असतं आणि त्यावर दुसरं भात निघतं, ते वायंगण. वायंगणी नावाची गावंच आहेत आपल्या जिल्ह्यात.

आभार मानायचे ते नावांपेक्षाही तुम्ही काय सांगितलं नाही त्याबद्दल. कोकणात मोठा दगड किंवा जुनं देऊळ दिसलं की पांडव आले आणि एका रात्रीत काम करून गेले, हे ठरलेलंच. सड्यावरच्या खळग्याबद्दल आम्हीही तसंच काही ऐकायला आसुसलो होतो. तुम्ही म्हणालात, "माका म्हायत नाय. उगाच खोटा कित्याक सांगू?" वहीत तिथे 'कारण माहीत नाही' असंच लिहिलंय. वाघाच्या राईची मात्र दोन्ही कारणं घेतली. पारावरची मंडळी म्हणतात तिथे वाघ दिसला होता. तुम्ही म्हणता वाघबारशीच्या सणाला गुराखी तिथे जमायचे. मला तुमचं पटतं, पण कुणी काय सांगितलं ते सगळं नोंदलंय.

वाडीच्या जुन्या नावाबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं. आता बोलायचं ते नव्या नावानेच. जुनं वहीत ठेवायचं की नाही ते त्या वाडीतल्यांनी ठरवायचं, असं तुमचं म्हणणं. त्यांना विचारूनच ते पान लिहिलं.

चिरेखाणीने सड्याची एक कड खाल्ली. तिथल्या तीन वाटांची नावं आता फक्त तुमच्याकडून आलेली आहेत. चिरे नेणाऱ्या ट्रकवाल्यांना सगळाच 'पॉइंट'.

भातकापणी आटपली की खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली नावं घ्यायला येतो. सूनबाईंनाही बरोबर घ्या; खाडीकडची कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, असं तुम्हीच म्हणाला होतात.

आपला,
वहीवाला