तालमीतली धडधड

पुणे

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्यापासून तुझं मन तालमीतल्या एका मुलीत गुंतलंय, ते घरात सगळ्यांना कळलंय. यात चुकीचं काहीच नाही. आत नेमकं काय चाललंय ते तुला उमगावं, म्हणून लिहितेय.

१९७४ साली डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवर एक प्रयोग केला. उंच झुलत्या पुलावर तरुणांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारून फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी तिला फोन केला. भक्कम, बुटक्या पुलावर भेटलेल्या १६ पैकी फक्त दोघांनी. भीतीने वाढलेली धडधड पहिल्यांनी तिच्या नावावर मांडली, असा त्यांनी अर्थ लावला. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत एन्ट्रीआधी छातीत जे होतं, त्याचंही असंच होऊ शकतं. म्हणून स्पर्धा संपल्यावर, सबमिशनच्या कंटाळवाण्या आठवड्यात ती मुलगी तुला कशी वाटते ते बघ.

तिचं ‘लास्ट सीन’ सारखं बघावंसं वाटणं म्हणजे प्रेमाची खोली नव्हे. उत्तर कधी लगेच, कधी दोन दिवसांनी आलं की ओढ उलट वाढते, कारण अनिश्चित मिळणाऱ्या गोष्टीमागे मेंदू जास्त धावतो. रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये ठेव. झोप मोडली की हे विचार दुप्पट छळतात.

आता एक कागद घे. तुझा संबंध नसलेल्या तिच्या पाच गोष्टी लिही: तिला कशाची भीती वाटते, ती चिडते कशावर, तिला काय पटत नाही. कागद कोरा राहिला तर तुला अजून ती आवडलेली नाही, तिच्यासोबतचा तू आवडला आहेस. मोह माहिती नसतानाच फोफावतो. प्रेमाला माणूस कळावा लागतो, आणि त्याला महिने जातात. तोवर तिच्यासाठी इंटर्नशिप सोडणं, विषय बदलणं, पैसे उसने घेणं, यातलं काहीही करू नकोस.

सांगायचंच असेल तर एकदाच, स्पष्ट आणि स्वतः सांग. मित्राकरवी नको, ग्रुपसमोर तर नकोच. ती गप्प राहिली तर ते ‘नाही’ समज. नंतर तालमीला येणं तिला जड जाणार नाही, याची जबाबदारी तुझी. आणि दोन आठवडे जेवण-झोप उडालेलीच राहिली तर मला सांग, आपण समुपदेशकाकडे जाऊ.

तुझी,
आई