कळंबजवळ थांबलेल्या त्या दोघा भावांचे आभार

हिची तेरवी झाली, आता लिहितो. यवतमाळहून नागपूरला नेताना कळंबच्या पुढे आमची गाडी बंद पडली, रात्रीचे दीड वाजलेले, अन् तुम्ही कापसाचा मेटॅडोर थांबवला, दुपट्टा ओला करून हिच्या कपाळावर धरला, दुसरी गाडी येईपर्यंत हललेच नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जिला तुम्ही धीर देत होते ना, ती पहिलीची मॅडम होती, माझी बायको, एकाच झेडपी शाळेत आम्ही 22 वर्षं, अन् माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. पोरांना बेरीज शिकवायचे चिंचोके पर्समध्ये तसेच आहेत.

दुपट्टा माझ्याकडे राहिला. त्याला चिकटलेली सरकी मी काढली नाही. घ्यायला या भाऊ, चहा घेऊनच जा.