दुसऱ्या आलेल्या गळ्यालाही मंच द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सवात गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा म्हटले की मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘टीव्हीवर जिंकलेलं कोण मिळतंय?’ अंतिम फेरीत दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्याचे नाव कुणी सुचवले, तर ‘तो जिंकला नव्हता की’ एवढ्यावर विषय संपतो. हे मला मनापासून खटकते.

‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वाचा निकाल मार्च २००५ मध्ये लागला. अभिजीत सावंत सगळ्यांना आठवतो. उपविजेता अमित साना होता, हे किती जण सांगतील? तिसऱ्या आलेल्या राहुल वैद्यचे नाव मात्र टिकले, कारण तो पुढेही पडद्यावर दिसत राहिला. वाहिनीला नवे पर्व आले की नवे चेहरे लागतात. जुन्यांना जपण्याची अपेक्षा तिच्याकडून करण्यात अर्थ नाही. ते काम ज्याच्या त्याच्या गावाचे.

२००७ च्या पर्वात प्रशांत तमांग जिंकला आणि शिलाँगचा अमित पॉल दुसरा आला. अमित बंगाली, आणि शिलाँगमध्ये आदिवासी व बिगर-आदिवासी यांच्यातला तणाव जुना. तरी त्याच्यासाठी दोन्हीकडचे लोक एक झाले आणि मेघालय सरकारने त्याला सलोख्याचा दूत केले. हा मान काही पहिल्या क्रमांकामुळे मिळालेला नव्हता. भाषेच्या वादात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या आपल्या सीमाभागाने तरी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या जवळचे उदाहरण हनुमंत लमाणीचे. हावेरी जिल्ह्यातला हा मेंढपाळ पोरगा कन्नड ‘सरिगमप’च्या पंधराव्या पर्वात उपविजेता ठरला. बेळगावातल्या कितीतरी मराठी घरांतही त्याची लोकगीते ऐकली गेली, कारण ते बोलणे, तो साधेपणा आपल्या ओळखीचा होता. लोकांनी त्याला सोडले नाही. २०२५ मध्ये तो ‘बिग बॉस कन्नड’ जिंकला, तेव्हा त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही.

मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही नावेही आपण एका दमात घेतो. त्यांतला रोहित राऊत २०२० मध्ये ‘इंडियन आयडॉल’चाही उपविजेता झाला. पाचही जणांना रसिकांनी गावोगावी बोलावले, म्हणून ते राहिले.

सीमाभागातल्या मुलांची अडचण जास्त आहे. मराठी गाणारे मूल मुंबई गाठते, कन्नड गाणारे बेंगळुरू. प्रेक्षकांची मते गळ्याइतकीच गावालाही पडतात, आणि आमच्या मुलाला मुंबईत ‘कर्नाटकातला’ म्हणतात, बेंगळुरूत ‘मराठी’. तो मधल्या फेरीतून परत आला की महिनाभर चौकात फ्लेक्स, शाल, श्रीफळ. वर्षाने त्याच्या रियाजाची चौकशी करणारे कुणी नसते. एका आईने मला सांगितले, की मुलगी आता लग्नात गायला सांगितले तरी नको म्हणते. गात्या मुलीने नको म्हणावे, याचे मला फार वाईट वाटते.

कुमार गंधर्व १९२४ मध्ये इथल्याच सुळेभावीत जन्मले आणि त्यांच्या नावाचे रंगमंदिर आपल्या शहरात आहे. त्या गावच्या लोकांना गाणे ऐकायला क्रमांक का लागावा?

मंडळांना विनंती, की यंदा एक संध्याकाळ आपल्या भागातल्या अशा गायकांना द्या, आणि ‘आपलाच पोरगा’ म्हणून फुकट गाऊन घेऊ नका. बाहेरून येणाऱ्याला देता तशी बिदागी द्या. आपल्या दैनिकाला विनंती, की गायन स्पर्धेचा निकाल छापताना पहिल्या पाचांची नावे व गावे द्यावीत. वर्षभराने वार्ताहर पाठवून ती मुले काय गातात, कुणाकडे शिकतात, शिकवणीचा खर्च कसा भागतो, हेही छापावे. मराठी असोत वा कन्नड, दोन्ही.

आपला,
एक वाचक, बेळगाव