नानांचा क्रॉस

प्रिय दिन्या,

दिवाळीत तुझे तीन मिस्ड कॉल होते आणि मी एकदाही उलट फोन केला नाही. आता आषाढ लागला. रागावला असशील तर राग, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे, गुडघा जिथल्या तिथे.

काल रात्री साडेअकराला माझ्या टेबलावर क्रॉस फिरला. टॉकीजच्या केबिनमधल्या नानांच्या प्रोजेक्टरमधला तो चार खाचांचा क्रॉस, तसाच, फक्त एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या फळीचा, आणि ताटलीएवढा मोठा. मूठ एकदा फिरवली की टक्, पाव फेरा, आणि गप्प. परत टक्. मी कितीतरी वेळ नुसता फिरवत बसलो. बायको उठून आली, म्हणाली, "झोपा की आता." तिला काय सांगणार? हे तुलाच सांगायचं होतं.

सुरुवात आईच्या शिलाई मशीनपासून झाली. गेल्या वर्षी ते भंगारात द्यायचं ठरलं आणि मी पायडलपाशी अडकलो. पाय वरखाली हलतो आणि चाक गोल फिरतं, हे मधल्या एका दांड्याने होतं कसं? अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठा आणला, पट्ट्या कापल्या, ड्रॉइंग पिनांनी जोडल्या. पहिल्या चार पट्ट्या अर्ध्यात अडल्या. मग कळलं की सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब पट्टीची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त झाली, तर एकही पट्टी पूर्ण फेरा मारू शकत नाही. ग्राशॉफ नावाच्या जर्मन माणसाचा नियम आहे हा. ६, ७, ९, १२ सेंटीमीटरच्या अडतात. ४, ८, ९, १० च्या घेतल्या की आखूड पट्टी गरागरा फिरते आणि समोरची नुसती डुलते. म्हणजे आईचं पायडलच! त्या रविवारी मी जेवायचं विसरलो. मशीन अर्थातच भंगारात गेलं नाही.

मग क्रॉस हा यायचाच होता. याचं मूळ जिनिव्हाच्या घड्याळवाल्यांकडे, स्प्रिंगला गरजेपेक्षा जास्त चावी बसू नये म्हणून ते असलं चाक वापरायचे. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये तो १८९६ च्या सुमाराला आला. शेजारच्या फिरत्या चाकावरची पिन त्याच्या खाचेत शिरते आणि त्याला पाव फेरा ढकलून बाहेर पडते. आखायला सोपा वाटतो, पण पिनेचा फेरा ४० मिलिमीटर त्रिज्येचा धरला तर दोन आसांमधलं अंतर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ५६.६ हवं. मी सोयीचं म्हणून ६० घेतलं. प्रत्येक वेळी पिन खाचेच्या तोंडावर आदळायची. ५६.६ वर आणल्यावर ती खाचेत इतकी अलगद शिरली की मी "वा!" म्हणालो, एकटाच. खाच तेव्हा पिनेच्या वाटेवर बरोबर आडवी न येता तिच्याच दिशेला असते, म्हणून क्रॉस शून्य वेगाने निघतो आणि शून्यावरच थांबतो. बाकीचा पाऊण फेरा तो जागचा हलत नाही.

आठवतं? तू म्हणायचास फिल्मची पट्टी सरसर पळते. मी म्हणायचो थांबते. भेळेची पैज लागली आणि नानांनी हाताने चाकी फिरवून दाखवलं : चित्र थांबलं, पंखा आडवा आला, चित्र सरकलं, परत थांबलं. सेकंदाला २४ वेळा. ती भेळ तू अजून दिलेली नाहीस. व्याजासकट दोन प्लेट झाल्या, शेवपुरी वेगळी.

आता मुद्द्यावर येतो.

लेझर कटिंगवाल्याकडून पार्ट आणले. क्रॉस थांबलेला असताना त्याला धरून ठेवणारी एक गोल चकती असते, एका बाजूने चंद्रकोरीसारखी कापलेली. ती जरा लहान आली. थांबलेला क्रॉस बोटाने हलत होता. परत दाखवायला नेला तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, ढील आहे यात."

ढील. दिन्या, हा शब्द मी केबिनमध्ये ऐकला होता. रीळ बदलायला दिवे लागले होते, आपण दोघं स्टुलावर. नाना क्रॉस ज्यात फिरतो त्या तेलाच्या डबीवर बोट ठेवून म्हणाले, "हिच्यात ढील आलीय. शेठना दोनदा सांगून झालं, क्रॉस बदला." तू बहुतेक खाली डोकावत होतास. मी ऐकलं होतं. आणि तरीही ८७ च्या मे महिन्यातल्या त्या रात्रीनंतर, चित्र वरखाली नाचलं, लोकांनी खुर्च्या आपटल्या, शेठ वर गेले, त्यानंतर दुसऱ्या दिवशी मी पारावर सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "तुझ्या वडिलांनी तेल घातलं नव्हतं." घरी मोठी माणसं बोलत होती तेच मी बोललो. तू मला डबा फेकून मारलास आणि आपण वर्षभर बोललो नाही. बरोबर मारलास.

काल मी कागदावर हिशेब केला. चित्राची रुंदी साधारण २१ मिलिमीटर, आपला पडदा वीस फुटी, म्हणजे जवळजवळ २९० पट. केसाएवढी, ०.१ मिलिमीटर ढील पडद्यावर इंचभर होते! अडीच तासांच्या एका खेळात तो क्रॉस २,१६,००० वेळा थांबतो. झिजणार नाही तर काय? आणि तेल संपलं असतं तर डबी आधी ओरडली असती, तापली असती. त्या रात्री आवाज नव्हता, फक्त चित्र नाचत होतं. नानांची चूक नव्हती. त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि ते ऐकणारा मी एक साक्षीदार होतो. तेरा वर्षांचा असलो म्हणून काय झालं, तोंड होतं ना मला.

तेव्हापासून डोक्यात एकच. हे नानांना सांगू का? तू म्हणाला होतास, ते टॉकीजचा विषय निघाला की उठून आत जातात. ८४ व्या वर्षी जुनी जखम उकरायची का, की त्यांना निदान एकदा कुणीतरी म्हणावं, "नाना, तुमचं बरोबर होतं"? काकू असत्या तर त्यांना विचारलं असतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकलोय. मला वाटतं सांगावं. पण घर तुझं, वडील तुझे, तू नको म्हणालास तर मी बोलणार नाही.

अस्मीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

मी दोन क्रॉस केलेत, एक घट्ट आणि एक ढिला. दोन्ही शेजारी फिरवले की काही बोलावंच लागत नाही. पुढच्या शनिवारी येऊ शकतो. नानांची बोटं आता नीट वळत नाहीत म्हणालास, म्हणून बोहरी आळीतून मोठी लाकडी मूठ आणलीय, लाटण्याएवढी जाड. पुरेल ना? की अजून जाड लावू? तेवढं कळव.

तुझा,
शिऱ्या