एकही मासा न विकणाऱ्या काकांना

प्रिय काका,

मी टाकीत पाळायला मासे घ्यायला आले होते आणि तुम्ही मला एकही मासा विकला नाहीत. त्याबद्दल हे पत्र. दुकानात गर्दी असते, नुसतं 'थँक्यू' म्हणून निघावं लागतं, म्हणून इथे चारचौघांत लिहितेय.

खुब्याचं हाड मोडल्यापासून माझे वडील, अण्णा, पलंगावरच आहेत. उशाशी जेमतेम एक स्टूल मावतं, त्यावर बसेल एवढीच टाकी: 30 सेंटिमीटर लांब, 20 रुंद, 20 उंच. काठोकाठ भरली तरी 12 लिटर. हेच माप मी आधीच्या दुकानांतही सांगितलं होतं. पहिल्याने 'टाकी लहान असली की मासा लहानच राहतो' असं छातीठोकपणे सांगून दोन गोल्डफिश दिले. वीतभर वाढणारा, सारखा खाणारा आणि तेवढीच घाण करणारा मासा इतक्या पाण्यात लहान राहत नाही, मरतो. अण्णांच्या डोळ्यांदेखत मेले ते. दुसऱ्याने निऑन टेट्रांचा घोळका आणि निळ्या औषधाची बाटली गळ्यात मारली. तेही गेले तेव्हा वर मलाच ऐकवलं, 'तुम्हाला पाणी बदलता येत नाही.' अंथरुणाला खिळलेल्या माणसाने सकाळी डोळे उघडले की समोर मेलेला मासा. विकणाऱ्यांनी एकदा तरी त्या खोलीत येऊन उभं राहायला हवं होतं.

तुम्ही आधी विचारलंत, 'टाकी बघणार कोण?' अण्णांचं सांगितलं, तशी तुमची जाळी बाजूला ठेवलीत. एकटा ठेवतात त्या फायटर माशालाही नाही म्हणालात. तो वर येऊन हवा घेतो, म्हणून लोक त्याला बरणीत कोंबतात. पण थोडं पाणी चटकन तापतं, चटकन निवतं, ते त्यालाही सोसत नाही. यात चेरी श्रिम्प सुखाने राहतील, जेमतेम इंचभराची लाल कोळंबी, असं म्हणालात. आणि तीसुद्धा त्या दिवशी दिली नाहीत!

मग तुम्ही तुमच्या चालू टाकीतला स्पंज फिल्टर बाहेर काढलात, कात्रीने अर्धा कापलात आणि त्याच टाकीचं पाणी भरलेल्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलात. तपकिरी, बुळबुळीत, गाळाने भरलेला तुकडा. 'सुकू देऊ नका, नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने सगळं मरेल.' माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू त्या स्पंजात होते. कोऱ्या टाकीत ते आपोआप तयार व्हायला कित्येक आठवडे जातात. आमचे आधीचे मासे कशाने गेले, ते मला त्या क्षणी कळलं. कुठल्या दुकानात ही वस्तू मांडून ठेवलेली नसते. तुम्ही स्वतःच्या टाकीतलं निम्मं काढून दिलंत, आणि पैसे विचारले तर म्हणालात, 'याचे काय घ्यायचे?' बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि रडू आवरेना. अण्णा पडल्यापासून सल्ले पुष्कळ मिळाले होते, काका. स्वतःजवळचं काढून कोणी दिलं नव्हतं.

जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड, रुजलं, मग तुम्ही कोळंबी दिलीत. एका सकाळी तळाशी पांढरं कवच दिसलं आणि अण्णा कासावीस झाले. तुम्ही फोनवर त्यांच्याशी बोललात, माझ्याशी नाही: 'कात टाकलीय, अण्णा. राहू द्या, तीच खाईल.' तेव्हापासून टाकी त्यांची आहे. तांब्याच्या हंड्यातलं पाणी त्यात जाऊ नये म्हणून ते सगळ्यांवर लक्ष ठेवून असतात. तांबं कोळंबीला विष, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली, तेव्हा फिजिओथेरपिस्टला थांबवून आधी ती दाखवली.

गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणायला मोठं मन लागतं. अशी माणसं गल्लीबोळांत आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही.

आता पिल्लं बरीच झाली आहेत. अण्णांचं म्हणणं, त्यातली निम्मी तुमची. रविवारी दुपारी दुकान बंद असतं ना तुमचं? जेवायलाच या. काकूंनाही आणा.

तुमची,
अण्णांची मुलगी