नव्या गाडीने रोजचा रस्ता दाखवला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत आपल्या दैनिकात दुचाकींच्या खरेदीच्या बातम्या नेमाने येतात. मुहूर्तावर किती गाड्या विकल्या गेल्या, बाजारात किती उलाढाल झाली, हे एका पानावर असते आणि दुसऱ्या पानावर दुचाकीच्या अपघाताची बातमी असते. दोन्ही बातम्या आवश्यक आहेत, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वर्षानुवर्षे पैसा पैसा बाजूला ठेवून जो माणूस पहिल्यांदा नवी कोरी मोटारसायकल दारात उभी करतो, त्याला तिच्यापासून नेमके काय मिळते, हे कोणत्याच पानावर येत नाही. यंदा दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांपैकी मी एक असल्यामुळे ते लिहून कळवावे असे वाटले.

मी पाटणचा रहिवासी असून कराड येथील एका शाळेत लिपिक आहे. जाऊन-येऊन रोज सत्तर-बहात्तर किलोमीटर पडतात. सोळा वर्षे हा प्रवास मी शंभर सीसीच्या एका जुन्या मोटारसायकलीवर केला. ती माझ्याकडे आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेलेले होते. तिने माझे घर चालवले, मुलीला शाळेत पोहोचवले, वडिलांना अनेकदा दवाखान्यात नेले. तिला मी नावे ठेवणार नाही. पण जुन्या गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अशा गाडीवर माणूस डोळ्यांनी रस्ता पाहत असला तरी त्याचे सारे चित्त कानात गोळा झालेले असते. चेन सैल झाली का, इंजिनातल्या टॅपेटचा आवाज वाढला का, मल्हारपेठेच्या पुढे इंजिन मध्येच का गुदमरले, प्लग काळा पडला की हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला, या विचारांत छत्तीस किलोमीटर सरतात. पावसाळ्यात तर प्लग पुसायला कोरडे फडके आणि प्लगपाना डिकीत असल्याशिवाय मी घर सोडत नसे. ही चिंता इतकी अंगवळणी पडली होती की ती चिंता आहे हेसुद्धा मी विसरून गेलो होतो. नवी गाडी आल्यावर पहिल्याच दिवशी ती एकदम नाहीशी झाली, तेव्हा मला ती किती मोठी होती ते समजले.

योगही जुळून आला. 22 सप्टेंबर 2025 रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. दोन वर्षे मी ज्या रकमेभोवती घुटमळत होतो, तिच्यात काही हजारांचा फरक पडला आणि 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, होंडा शाइन 125 ही गाडी आम्ही घरी आणली. पत्नीने औक्षण केले, हेडलाइटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, हँडलला झेंडूची माळ घातली आणि चाकाखाली लिंबू ठेवले. नव्या वस्तूची पूजा करण्याची आपली रीत मला त्या दिवशी फार योग्य वाटली. ज्या यंत्राच्या भरवशावर घरचा कर्ता माणूस रोज पहाटे बाहेर पडणार आहे, त्याच्यापुढे एकदा हात जोडून उभे राहावे, यात मला संकोच वाटण्यासारखे काही दिसत नाही.

आमच्या लहानपणी गावात पहिली मोटारसायकल आली, ती डॉक्टरांची येझदी. म्हैसूरला तयार होणारी, दोन सायलेन्सरची ती गाडी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालत असे आणि तिची किक व गिअर यांसाठी एकच दांडी होती; किक मारून झाली की तीच दांडी वळवून गिअर टाकायचा, हे आम्हा मुलांना जादूसारखे वाटे. ओढ्याच्या वळणावर गाडी असतानाच तिचा आवाज घरात ऐकू येई आणि आजी म्हणे, "डॉक्टरांची फटफटी आली." मोटारसायकलीला आपल्या भाषेने नाव दिले तेच मुळी आवाजावरून. माझी नवी गाडी आजीने पाहिली असती तर तिने हिला फटफटी म्हटले नसते. बटण दाबले की स्टार्टरचा करकराट होत नाही, इंजिन जणू मघापासून चालूच होते अशा रीतीने हलके घुमू लागते. पहाटे सहाच्या थंडीत चोक ओढून, किकवर उभे राहून शेजाऱ्यांना जागे करण्याची सोळा वर्षांची माझी सवय एका दिवसात सुटली. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराचे बीएस-6 हे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, त्यामुळे चोक ओढण्याची गरज उरली नाही. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते आता तापमान आणि हवेचा दाब पाहून गाडीच ठरवते. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवण्यासाठी माझा डावा हात मात्र अजूनही कधीकधी आपोआप टाकीखाली जातो आणि तिथे काहीच न सापडल्याने परत येतो.

खरा आनंद मला दिला तो एका बंधनाने. नव्या गाडीच्या पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये रेस पूर्ण पिळू नये, एकदम वेग घेऊ नये, जोराचा ब्रेक मारू नये, असे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. कारण साधे आहे. इंजिनातले पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर नवे असतात, ते एकमेकांवर नीट बसायला काही वेळ जावा लागतो. या काळात इंजिनावर फार ताण आला तर त्याचे परिणाम पुढे भोगावे लागतात. मी ठरवून चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे गेलो नाही आणि घरातून वीस मिनिटे लवकर निघू लागलो. ज्या रस्त्यावरून मी सोळा वर्षे येत-जात होतो, तो रस्ता या पहिल्या पंधरवड्यात मी प्रथमच पाहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कोयना नदी या वाटेवर किती वेळा जवळ येते आणि किती वेळा झाडांआड जाते, हे मला माहीत नव्हते. सकाळी नदीवरचे धुके खाचरांच्या बांधापर्यंत पसरलेले असते आणि त्यात शिरताना गुडघ्यांना आधी गारवा लागतो, मग छातीला, मग हेल्मेटची काच धुरकटते. पाटणकडचे भात तेव्हा पिवळे पडू लागले होते. कराड जवळ येऊ लागते तसे भात मागे पडते आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. वाऱ्याचाही वास बदलतो. ओल्या भाताचा वास आणि उसाच्या पाचटाचा वास यांच्यामधली सीमा मोटारसायकलस्वाराला जितकी स्पष्ट कळते तितकी ती एसटीच्या खिडकीतून कळत नाही, आणि मोटारीच्या बंद काचांआड तर मुळीच नाही. वसंतगड मी नकाशावर दाखवू शकलो असतो, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची माची उजळते, हे पहिल्यांदा पाहिले ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. संध्याकाळी परतताना वनकुसवडे पठाराच्या बाजूला पवनचक्क्या दिसू लागल्या की घर जवळ आले असे समजावे, ही नवी खूणगाठही मी तेव्हाच बांधली. या सगळ्या गोष्टी आधीही तिथेच होत्या. मी मात्र चेनचा आवाज ऐकत त्यांच्या शेजारून जात होतो.

गाडीचा आनंद आणि वेग यांची सांगड आपण फार सहज घालतो, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले. सायलेन्सर बदलून गल्ली हादरवणारी तरुण मुले मीही पाहतो आणि मला त्यांचा राग येतो. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवून मोटारसायकल म्हणजे उडाणटप्पूपणा असे समीकरण मांडणाऱ्यांनी सकाळी सहा ते नऊ या वेळात कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे. दुधाच्या किटल्या बांधून निघालेले गवळी, आशाताईंना केंद्रावर सोडायला चाललेले त्यांचे यजमान, शिक्षक, लाइनमन, एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी मुले, हे सर्व मोटारसायकलीवरच असतात. यांच्यापैकी अनेकांच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने, पहिल्या हाताने घेतलेली सर्वांत मोठी वस्तू ही गाडीच असते. वाहनाच्या कागदावर मालक म्हणून पहिले नाव आपले असणे, याचे सुख ज्यांना ते सहज मिळाले त्यांना कदाचित कळणार नाही. नोंदणी प्रमाणपत्र हातात आले तेव्हा मी ते दोनदा वाचले.

याच संदर्भात आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. दुचाकी विकताना ग्राहकाला मानांकित हेल्मेट पुरवले पाहिजे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये आहे. ती मला एका सहकाऱ्याने सांगितली म्हणून मी विक्रेत्याकडे हेल्मेट मागितले. न मागता ते मिळाले नसते. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण आणि मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार असला पाहिजे, हेही याच नियमांत आहे. नऊवारी किंवा सहावारी नेसून मागे एका बाजूला बसणाऱ्या लाखो स्त्रिया ज्या राज्यात आहेत, तिथे चाकावरच्या या संरक्षणाचे, म्हणजे साडी गार्डचे, महत्त्व वेगळे सांगायला नको. सणाच्या दिवसांत दुचाकींच्या पानभर जाहिराती छापल्या जातात, त्यांच्या शेजारी एका लहान चौकटीत ग्राहकाचे हे हक्क दिल्यास माझ्यासारख्या अनेकांचा फायदा होईल. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मागे लाल परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर उभ्या असतात, त्यांचाही त्या निमित्ताने उल्लेख व्हावा. नव्या गाडीचा दिवा कितीही लख्ख असला तरी वळणापलीकडे उभी असलेली काळी ट्रॉली त्यालाही आयत्या वेळीच दिसते.

दिवाळीच्या आधी साडेनऊशे किलोमीटरच्या सुमारास पहिली सर्व्हिसिंग झाली, ऑइल बदलले आणि भाऊबिजेला, 23 ऑक्टोबरला, मी थोरल्या बहिणीकडे चिपळूणला निघालो. हेळवाकच्या अलीकडे गाडीच्या मीटरवर एक हजाराचा आकडा आला. मी गाडी कडेला घेऊन दोन मिनिटे थांबलो. पुढे कुंभार्ली घाट. वर चढताना तिसऱ्या गिअरवर गाडी एका लयीत खेचत होती आणि मला पुन्हा पुन्हा रेस पिळावी लागत नव्हती. घाटमाथ्यावरून खाली कोकण दिसते, तिथे इंजिन बंद करून उभा राहिलो तर गरम सायलेन्सरचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही वडिलांची शिकवण मी पाळतो. जुन्या गाडीवर इतके करूनही घाटाच्या पायथ्याचे पोफळी गाव येईपर्यंत ब्रेक तापून ढिला पडे आणि माझी बोटे लिव्हरवर आखडलेली असत. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असणे किंवा चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असणे सक्तीचे झाले. माझ्या गाडीचे ब्रेक जोडलेले आहेत. पायाचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकालाही थोडा लागतो. ओल्या पानांनी झाकलेल्या एका वळणावर गाडी जराही न घसरता सरळ उभी राहिली, तेव्हा या नियमाचे मोल मला पटले.

ओवाळून झाल्यावर ताई म्हणाली, "मलाही एक चक्कर मारून आण." वडिलांच्या गाडीवर टाकीवर पुढे बसून जत्रेला गेल्याची तिची आठवण आहे, त्यानंतर भावाच्या नव्या गाडीवर बसण्याचा योग तिला कधी आला नव्हता. दुसरे हेल्मेट मी बरोबर नेले होते, ते तिने कुरकुर न करता घातले. वाशिष्ठी नदीच्या पुलापर्यंत आम्ही सावकाश गेलो. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली तर ती म्हणाली, "आपण बोलतोय ते ऐकू येतंय की रे!" आणि खरोखरच संपूर्ण वाटेत आम्ही एकमेकांशी बोलत आलो होतो, कोणालाही ओरडावे लागले नव्हते. घरी परतल्यावर तिने ताटातले उरलेले कुंकू गाडीच्या टाकीला लावले. गाडी मी दर रविवारी धुतो, पण तेवढी जागा सोडून पुसतो.

आपला नम्र,
एक वाचक,
पाटण, जि. सातारा