चित्र दिसते पण आवाज येत नाही : दूरचित्रवाणी संचाबाबत तक्रार

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५
सातारा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दूरचित्रवाणी संच उत्पादक कंपनी

विषय : वाढीव वॉरंटीत असलेल्या ४३ इंची संचाचा आवाज बंद असणे, दुरुस्ती न करताच तक्रार निकाली काढणे व मेन बोर्डासाठी पैसे मागणे याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही मी २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, साताऱ्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून २८,९९० रुपयांस विकत घेतला. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपल्यानंतर पुढे दोन वर्षे संरक्षण राहावे म्हणून त्याच वेळी २,४९९ रुपये भरून आपलीच वाढीव वॉरंटीही घेतली. ती २३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत लागू आहे. दोन्ही पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

रविवार, ६ जुलै रोजी आषाढी एकादशी होती. माझ्या वडिलांनी पहाटे पंढरपूरच्या शासकीय महापूजेचे थेट प्रक्षेपण याच संचावर ऐकले आणि रात्रीच्या बातम्या झाल्यावर संच नेहमीप्रमाणे बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी संच सुरू केला तेव्हा चित्र पूर्वीसारखेच स्वच्छ होते, आवाज मात्र अजिबात नव्हता. तो आजतागायत आलेला नाही.

‘ऐकले’ हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहिला आहे. वडील ८१ वर्षांचे असून काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळपास गेली आहे. घरात आलेला माणूस ते आवाजावरून ओळखतात, आणि सह्याद्री वाहिनीवरील सायंकाळच्या बातम्या हा त्यांच्या दिवसातला ठरलेला कार्यक्रम आहे. आवाज नसलेला संच त्यांच्या दृष्टीने बंदच असतो. आपल्या तंत्रज्ञाने पहिल्या भेटीच्या अहवालात ‘चित्र व्यवस्थित, संच चालू स्थितीत’ असा शेरा लिहिला, तो वाचून मला फार वाईट वाटले.

तक्रार नोंदवण्यापूर्वी, आणि आपल्या मदत केंद्रातील प्रतिनिधीने फोनवरून सुचवल्यानंतर पुन्हा एकदा, जे जे घरी तपासता येते ते सर्व मी तपासले आहे. रिमोटवरील म्यूटचे बटण दाबले गेले असेल ही पहिली शंका होती. पण आवाजाची पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत व्यवस्थित सरकते आणि पडद्यावर म्यूटची खूण नाही. आवाज कोठून बाहेर पडावा या सेटिंगमध्ये ‘टीव्ही स्पीकर’ हाच पर्याय निवडलेला आहे. ब्लूटूथला किंवा बाहेरच्या स्पीकरकडे आवाज नेणाऱ्या एचडीएमआय एआरसी पोर्टला कोणतेही उपकरण जोडलेले नाही. डिजिटल ध्वनीचा प्रकार ‘ऑटो’ होता, तो ‘पीसीएम’, म्हणजे साधा, संकुचित न केलेला ध्वनी, करून पाहिला. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल बदलली आणि ती दुसऱ्या पोर्टलाही लावली. संचाचा प्लग काढून पंधरा मिनिटे तसाच ठेवला. शेवटी फॅक्टरी रिसेटही केला, त्यामुळे वडिलांसाठी लावून ठेवलेल्या आवडत्या वाहिन्यांचा क्रम मात्र पुसला गेला. संचाच्या स्वतःच्या मेनूत आवाजाची चाचणी आहे. तिच्यातही काही ऐकू येत नाही.

या सगळ्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या आणि त्या मी प्रत्येक वेळी सांगत आले आहे. पहिली अशी की, संचाच्या हेडफोनच्या छिद्रात साधा हेडफोन लावला की आवाज स्पष्ट येतो, आणि शेजाऱ्यांचा ब्लूटूथ स्पीकर जोडला तेव्हा त्यातूनही आला. म्हणजे संचाला ध्वनी मिळतो आणि तो उलगडताही येतो. अडचण त्यापुढे, आतल्या स्पीकरपर्यंत जाण्याच्या वाटेवर आहे. दुसरी अशी की, संचाच्या खालच्या कडेला कान लावून तो सुरू केला असता डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना एकदाच ‘टप्’ असा बारीक आवाज होतो आणि नंतर सारे शांत होते. स्पीकर पूर्णपणे मेलेले असते तर तेवढाही आवाज झाला नसता, असे मला वाटले. हेडफोन लावलेलाच आहे असा संचाचा गैरसमज होऊन स्पीकर बंद राहत असावेत, या शंकेने हेडफोनची पिन बऱ्याच वेळा आत-बाहेर करून पाहिली. त्याचाही उपयोग झाला नाही. मागचे झाकण उघडल्यास वॉरंटी रद्द होते असे पुस्तिकेत लिहिलेले असल्यामुळे झाकणाला आम्ही हात लावलेला नाही.

८ जुलै रोजी तक्रार नोंदवल्यावर ११ जुलैला पहिले तंत्रज्ञ आले. त्यांनी सेट-टॉप बॉक्समधील ध्वनीचा पर्याय डॉल्बीवरून स्टिरिओवर आणला आणि दोष बॉक्सचा असल्याचे सांगितले. काही वेळा चित्र येऊन आवाज न येण्याचे कारण खरोखरच तिथे असते, त्यामुळे ते तपासण्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बॉक्स काढून ठेवून पेन ड्राइव्हवरील अभंग लावला तरी संच मुका होता, वायफायवरील कार्यक्रमांचीही तीच गत होती, आणि हे त्यांच्यासमोर दाखवले तरी त्यांनी आपला निष्कर्ष बदलला नाही. ते दहा मिनिटांत निघून गेले.

१९ जुलै रोजी आलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञांनी मात्र मन लावून काम केले, हे आवर्जून नमूद करते. त्यांनी संच पलंगावर चादर पसरून पालथा ठेवला, झाकण उघडले आणि दोन्ही स्पीकरच्या वायरी बोर्डावरून सोडवून मल्टिमीटरने तपासल्या. मल्टिमीटरची टोके लागताच दोन्ही स्पीकर बारीक खरखरले आणि मापही स्पीकरवर छापलेल्या आकड्याच्या जवळ आले. स्पीकर चांगले आहेत, मेन बोर्डावर स्पीकरला आवाज पुरवणारी आयसी (चिप) काम करत नाही, आणि तेवढीच आयसी बदलण्याची कंपनीत पद्धत नसल्याने संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल, असे त्यांनी सांगितले. बोर्डावर कोठेही जळल्याची खूण नव्हती. मी जवळ उभी राहून मोबाइलच्या उजेडात तो पाहिला आहे व त्याची छायाचित्रे घेतली आहेत. त्यानंतर भेटीची नोंद करण्यासाठी आणि बोर्ड मागवण्यासाठी लागतो म्हणून त्यांनी माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेतला.

पाच दिवस बोर्डाची वाट पाहून २४ जुलैला मी मदत केंद्राला फोन केला. त्या ओटीपीच्या आधारे तक्रार १९ जुलैलाच ‘ग्राहकाचे समाधान झाले’ या शेऱ्यासह बंद केल्याचे तेव्हा कळले. बोर्ड मागवलेलाच नव्हता. ओटीपी ही ग्राहकाची संमती मानली जात असेल, तर ती कशासाठी घेतली जात आहे हे त्याच संदेशात मराठीत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. मला आलेल्या संदेशात केवळ अंक होते. दुरुस्त न झालेल्या वस्तूबद्दल माझ्या नावाने समाधान नोंदवले जावे, हे मला मान्य नाही.

नवी तक्रार नोंदवल्यावर २ ऑगस्ट रोजी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. विजेच्या दाबातील चढउतारामुळे बोर्ड बिघडला आहे, असे नुकसान वाढीव वॉरंटीत बसत नाही, म्हणून ९,४०० रुपये भरावेत, असे सांगण्यात आले. हा निष्कर्ष कोणी, केव्हा व कोणत्या तपासणीवरून काढला, याचे उत्तर फोनवरील व्यक्तीला देता आले नाही. संच पहिल्या दिवसापासून स्टॅबिलायझरवर आहे. विजेच्या धक्क्याने बिघाड झाला असता तर वीजपुरवठ्याच्या भागाला काहीच न होता केवळ स्पीकरकडे जाणारा आवाज तेवढा बंद कसा पडला, हेही मला समजून घ्यायचे आहे. संच उघडून पाहणारे एकमेव तंत्रज्ञ म्हणजे १९ जुलैला आलेले, आणि त्यांच्या हस्ताक्षरातील नोंदीत वीजदाबाचा उल्लेख नाही. ती नोंद सोबत जोडली आहे.

माझी मागणी एवढीच आहे की, वाढीव वॉरंटीनुसार मेन बोर्ड विनामूल्य बदलून द्यावा, आणि तो उपलब्ध नसल्यास त्याच आकाराचा व तितक्याच सोयी असलेला संच द्यावा. तसेच १९ जुलैचा ‘समाधान झाले’ हा शेरा रद्द केल्याचे लेखी कळवावे. वीजदाबाच्या कारणावर कंपनी ठाम असेल, तर तपासणीचा सही-शिक्क्यानिशी अहवाल मिळावा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानेही मार्ग न निघाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये वस्तूतील दोष व सेवेतील त्रुटी या दोन्ही कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तंत्रज्ञ शक्यतो १९ जुलैला आलेलेच पाठवावेत. मी नोकरी करते, त्यामुळे सायंकाळी सहानंतर किंवा रविवारी, आधी फोन करून यावे. काम झाल्यावर संच बातम्यांच्या वाहिनीवर लावला जाईल, आणि आवाज नीट येत आहे असे वडिलांनी ऐकून सांगितल्यानंतरच या वेळी ओटीपी दिला जाईल.

कळावे,

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
ग्राहक, सातारा